स्तनाचा कर्करोग : त्याचे प्रकार व त्याचे धोके

शरीरविज्ञानाच्या तासाला हृदय, फुप्फुसे, जठर व मूत्रपिंड यांची माहिती विद्यार्थी हौसेने पाठ करतात. परंतु ज्या अवयवाने प्रत्येक बालकाचे पहिले पोषण होते, त्याचा विषय निघाला की वर्गातील माना खाली जातात आणि पुस्तकाचे पान झटकन उलटले जाते. हा संकोच आपल्या समाजात जुना आहे, व त्याच्या मुळाशी असलेली मर्यादेची भावना आम्ही तुच्छ मानीत नाही. तथापि ज्या गोष्टीचे नाव घरात कोणी घेत नाही, तिच्यासंबंधी खरी माहितीही घरात कोणास नसते. आणि त्या अज्ञानापायी एखाद्या आईस, मावशीस अथवा आजीस प्राण गमवावे लागत असतील, तर त्या संकोचास मर्यादा हे नाव शोभत नाही. म्हणून हा विषय आम्ही विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे मांडीत आहोत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या गणनेप्रमाणे २०२२ साली जगातील सुमारे २३ लाख स्त्रियांस स्तनाचा कर्करोग नव्याने जडला व सुमारे ६ लाख ७० हजार स्त्रिया त्याने दगावल्या. त्याच वर्षी आपल्या देशातील नव्या रुग्णांची संख्या १ लाख ९० हजारांवर गेली. भारतातील स्त्रियांत आज जे कर्करोग आढळतात, त्यांत हा संख्येने पहिला आहे. अशा रोगाकडे पाठ फिरवून चालणार नाही.

एक नाव, अनेक रोग

आपले शरीर असंख्य सूक्ष्म पेशींचे बनलेले आहे. जुन्या पेशी मरतात, नव्या जन्मतात, व हा क्रम एरवी नियमाने चालतो. एखाद्या पेशीतील जनुकांत बिघाड होऊन ती या नियमास जुमानीनाशी झाली, म्हणजे तिची प्रजा बेसुमार वाढू लागते, भोवतालच्या भागात शिरते, आणि पुढे रक्ताच्या व लसिकेच्या वाटेने दूरच्या अवयवांत जाऊन ठाण मांडते. यालाच कर्करोग म्हणतात.

स्तनात दूध तयार करणाऱ्या बारीक पिंडिका असतात व ते दूध स्तनाग्राकडे वाहून नेणाऱ्या नलिका असतात. स्तनाच्या दहा कर्करोगांपैकी सात-आठ नलिकाजन्य म्हणून गणले जातात. थोडे पिंडिकाजन्य असतात. नलिकाजन्य रोगात बहुधा हाताला लागणारी गाठ होते. पिंडिकाजन्य रोगात पुष्कळदा स्पष्ट गाठ न होता केवळ एखादा भाग जाडसर वाटतो, व म्हणून तो उशिरा ध्यानात येतो.

दुसरी विभागणी पेशींच्या स्वभावावरून करतात. काही कर्करोगी पेशींत स्त्रीच्या शरीरातील इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरोन या संप्रेरकांस धरून ठेवणारी स्थाने असतात, व त्या संप्रेरकांच्या बळावर त्या वाढतात. हा संप्रेरकग्राही प्रकार होय, व बहुसंख्य रुग्ण याच प्रकारात मोडतात. काही पेशींच्या पृष्ठभागावर ‘हर-२’ नावाचे प्रथिन वाजवीपेक्षा पुष्कळ अधिक असते. तो दुसरा प्रकार. ज्या पेशींत संप्रेरकांची ही दोन्ही स्थाने नसतात व ‘हर-२’ही अधिक नसते, त्या प्रकारास डॉक्टर ‘ट्रिपल निगेटिव्ह’ म्हणतात. हा प्रकार तरुण वयात तुलनेने अधिक आढळतो, वेगाने वाढतो, व संप्रेरकांवरील गोळ्यांचा त्यावर उपयोग होत नाही. पाश्चात्त्य देशांत शंभर रुग्णांत दहा ते पंधरा या प्रकारचे असतात. भारतीय रुग्णालयांतून झालेल्या अभ्यासांत हे प्रमाण त्याहून बरेच अधिक, सुमारे चौथा ते तिसरा हिस्सा, आढळले आहे.

हा भेद येथे विस्ताराने सांगण्याचे कारण असे की, सर्व प्रकारांचे धोके एक नाहीत. एका प्रकारापासून जी गोष्ट स्त्रीचे रक्षण करते, तिचे दुसऱ्या प्रकारापुढे फारसे चालत नाही.

‘धोका’ म्हणजे काय?

कोल्हापूरच्या विद्यार्थ्यास हा शब्द नवा नाही. पावसाळ्यात पंचगंगा फुगू लागली की राजाराम बंधाऱ्यापाशी पाणी किती फुटांवर आले याची चौकशी घरोघर सुरू होते. ३९ फूट ही इशाऱ्याची पातळी व ४३ फूट ही धोक्याची, हे लहान मुलासही ठाऊक असते. चिखली व आंबेवाडी ही गावे सखल जागी असल्यामुळे तेथे पाणी आधी शिरते. तेथे घर असणे हा धोका होय. तो घरमालकाचा अपराध नव्हे, आणि दरवर्षी घर बुडेलच असेही नव्हे. उलट, २०१९ सालच्या महापुरात ज्यांच्या दारी पूर्वी कधी पाणी आले नव्हते, अशांच्याही घरांत ते शिरले. सखल जागेवरच्यांनी अधिक सावध असावे हे खरे, परंतु उंचावरच्यांनी निर्धास्त झोपावे असा त्याचा अर्थ नाही.

रोगाच्या धोक्याचेही तसेच आहे. गणिताने पाहू. समजा, एका वयाच्या हजार स्त्रियांपैकी दहांना अमुक मुदतीत हा रोग होतो, आणि एखाद्या कारणाने तो धोका दीडपट होतो. वर्तमानपत्रात ‘धोका पन्नास टक्क्यांनी वाढला’ असे छापून येईल व वाचणारी स्त्री घाबरून जाईल. परंतु प्रत्यक्षात दहांच्या जागी पंधरा स्त्रिया आजारी पडतील, व उरलेल्या ९८५ निरोगी राहतील. म्हणून ‘किती पट’ हे वाचताच ‘कितीची पट’ हे विचारण्याची सवय विद्यार्थ्यांनी लावून घ्यावी.

हे ज्ञान कसे मिळाले?

अठराव्या शतकाच्या आरंभी इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामात्सिनी याने निरनिराळ्या व्यवसायांतील लोकांच्या रोगांचे निरीक्षण केले. मठवासी जोगिणींत स्तनाचा कर्करोग इतर स्त्रियांपेक्षा अधिक आढळतो, हे त्याने नमूद करून ठेवले. त्या अविवाहित व निःसंतान होत्या, एवढेच त्याला दिसले; कारण सांगण्यास त्या काळचे शास्त्र असमर्थ होते.

पुढे ग्लासगोचे शस्त्रवैद्य जॉर्ज बीटसन यांच्या कानी एक गोष्ट आली. काही देशांतील शेतकरी व्यालेल्या गाईचे अंडाशय काढून टाकीत, जेणेकरून तिचे दूध पुष्कळ दिवस टिकावे. दूरच्या अंडाशयाचा दुधाच्या अवयवावर अंमल चालतो, हे यावरून त्यांनी ताडले. रोग फार पुढे गेलेल्या स्त्रीचे अंडाशय काढले असता स्तनातील गाठ ओसरते, हा अनुभव त्यांनी १८९६ साली प्रसिद्ध केला. संप्रेरक हा शब्दही तेव्हा प्रचारात नव्हता.

१९२६ साली इंग्लंडात डॉ. जॅनेट लेन-क्लेपॉन या विदुषीने या रोगाने पीडित ५०० स्त्रिया व हा रोग नसलेल्या ५०० स्त्रिया यांची तुलना केली. उशिरा झालेला विवाह, थोडी मुले व अल्पकाळ स्तनपान या गोष्टी पहिल्या गटात अधिक होत्या. आज जगभर वापरात असलेल्या या तुलनापद्धतीचा तो आरंभीचा नमुना होय.

आपल्याकडे मुंबईस १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय उघडले. १९६३ साली भारतीय कर्करोग संस्थेने मुंबईत देशातील पहिली कर्करोग-नोंदणी स्थापन केली. डॉ. दाराब जस्सावाला व त्यांच्या सहकाऱ्यांनी या नोंदींचा अभ्यास केला असता मुंबईच्या पारशी स्त्रियांत हा रोग इतर समाजांच्या स्त्रियांहून अधिक असल्याचे दिसून आले. त्या समाजात स्त्रिया अधिक शिकत, विवाह उशिरा करीत, व त्यांना मुले थोडी होत. शहर एकच, तरी राहणीप्रमाणे रोगाचे प्रमाण बदलते, हे त्यावरून कळले.

कोणता धोका कोणत्या प्रकारास?

सर्वांत मोठे दोन धोके कोणाच्याही हातचे नाहीत : स्त्रीचा जन्म व वाढते वय. पुरुषांसही हा रोग होतो, परंतु शंभर रुग्णांत पुरुष फार तर एक असतो.

संप्रेरकग्राही प्रकाराचा धोका मुख्यतः स्त्रीचे शरीर किती वर्षे इस्ट्रोजेनच्या अमलाखाली राहिले यावर अवलंबून असतो. पाळी बाराव्या वर्षापूर्वी सुरू होणे, ती पंचावन्नाव्या वर्षानंतर थांबणे, पहिले मूल तिशीनंतर होणे अथवा मूल न होणे, यांनी तो वाढतो. पाळी थांबल्यानंतर अंडाशयाऐवजी शरीरातील चरबीच इस्ट्रोजेन निर्माण करू लागते. म्हणून त्या वयातील स्थूलपणा धोका वाढवितो व नित्याचे श्रम तो कमी करतात. मद्य अल्प प्रमाणातही धोका वाढविते. पाळी थांबल्यावर होणाऱ्या त्रासासाठी दोन्ही संप्रेरकांची मिश्र औषधे दीर्घकाळ घेतल्यास धोका वाढतो, आणि ही वाढ पिंडिकाजन्य प्रकारात विशेष दिसते.

‘ट्रिपल निगेटिव्ह’ प्रकाराची गोष्ट वेगळी. अधिक मुले झाल्याने संप्रेरकग्राही प्रकारापासून जे संरक्षण मिळते, ते येथे तसे मिळत नाही. स्तनपान मात्र या प्रकारापासूनही काही अंशी रक्षण करते. ३० देशांतील ४७ अभ्यास एकत्र करून २००२ साली जो निष्कर्ष निघाला, त्याप्रमाणे एकंदर रोगाचा धोका प्रत्येक बाळंतपणामागे सुमारे ७ टक्क्यांनी व स्तनपानाच्या प्रत्येक १२ महिन्यांमागे सुमारे ४ टक्क्यांनी उतरतो. परंतु बाळंतपणानंतरची काही वर्षे धोका किंचित वाढलेला असतो, म्हणून अंगावर पाजणाऱ्या आईच्या स्तनातील न जाणारी गाठ ‘दूध साकळले असेल’ म्हणून सोडून देऊ नये.

आनुवंशिक धोका थोड्यांच्या वाट्यास येतो. शंभर रुग्णांत पाच ते दहांचा रोग या मार्गाने येतो. मेरी-क्लेअर किंग या अमेरिकन विदुषीने १९९० साली असे एक जनुक सतराव्या गुणसूत्रावर असल्याचे दाखविले. आज त्यास ‘बीआरसीए-१’ म्हणतात. ‘बीआरसीए-२’ हे त्यानंतर सापडले. पहिल्यात दोष असता बहुधा ट्रिपल निगेटिव्ह प्रकार होतो. दुसऱ्यात दोष असता बहुधा संप्रेरकग्राही प्रकार होतो, व पुरुषांसही धोका असतो. असा दोष घेऊन जन्मलेल्या दहा स्त्रियांपैकी सहा-सात जणींस आयुष्यात हा रोग होण्याचा संभव असतो. हे जनुक आईकडून येते तसेच वडिलांकडूनही येते, व प्रत्येक अपत्यास ते मिळण्याचा संभव निम्मा असतो. म्हणून घराण्याचा विचार करताना आत्या व आजोळ या दोन्ही बाजू पाहाव्या. ‘हर-२’ प्रकारातील बिघाड मात्र त्या गाठीच्या पेशींतच उद्भवलेला असतो. तो आईकडून मुलीकडे जात नाही.

बार्शीचा धडा

आता एका चुकीच्या अनुमानाचा विचार केला पाहिजे. कोणी पालक म्हणतील, “लवकर लग्न व पुष्कळ मुले यांनी रोग टळत असेल, तर मुलींस शिकवीत बसण्यात काय हशील?” यास उत्तर आपल्याच महाराष्ट्रात मिळते.

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ साली भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा व भूम या भागांतील खेडुत आपण होऊन रुग्णालयात येत नसत. म्हणून नोंदणीचे कार्यकर्तेच गावोगाव फिरले, लोकांस रोगाची लक्षणे समजावून दिली, व रुग्णांस उपचारास आणले. त्या नोंदींत स्तनाचा कर्करोग मुंबईच्या निम्म्याहूनही कमी आढळला. परंतु गर्भाशयमुखाचा कर्करोग तेथे स्त्रियांत पहिल्या क्रमांकावर होता, आणि अल्पवयातील विवाह व अनेक बाळंतपणे ही त्या रोगाचा धोका वाढविणारी कारणे आहेत. म्हणजे बालविवाहाने स्त्री सुरक्षित झाली नव्हती; एक संकट टळले तेथे दुसरे उभे होते. त्याखेरीज कोवळ्या वयातील बाळंतपण आई व मूल दोघांच्या जिवावर बेतते. कायद्यानेही अठरा वर्षांच्या आत मुलीचा विवाह निषिद्ध आहे.

ज्या कोल्हापुरात राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, तेथील मुलींनी शिकून उशिरा विवाह करावा यात आम्हांस समाधानच आहे. त्यामुळे एक धोका किंचित वाढतो हे खरे. परंतु लक्षण ओळखणे, ते उघडपणे सांगणे व वेळीच डॉक्टरांकडे जाणे यांस लागणारी माहिती व धीर शिक्षणानेच येतो.

धोका म्हणजे दोष नव्हे

आम्हांस सर्वांत कळकळीने सांगावयाचे आहे ते हे. घरातील एखाद्या स्त्रीस हा रोग झाला की कारणांचा शोध तिच्या वागणुकीत होऊ लागतो. मूल झाले नाही म्हणून, अंगावर पाजले नाही म्हणून, नोकरी केली म्हणून, पूर्वजन्मीचे पाप म्हणून, अशी बोलणी तिला ऐकावी लागतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते की, या रोगाच्या सुमारे निम्म्या रुग्णांत स्त्रीत्व व वय यांवाचून दुसरा कोणताही ठळक धोका आढळत नाही. चार मुलांना अंगावर पाजलेल्या, कष्टाळू, निर्व्यसनी स्त्रीसही तो होतो. आणि धोक्याच्या यादीतील अनेक गोष्टी लागू असलेली स्त्री ऐंशी वर्षे सुखाने जगते. धोक्याचे गणित हजारोंच्या समूहासाठी खरे असते. एकीच्या आयुष्याचा निवाडा त्यावरून करता येत नाही, आणि तिच्यावर ठपका तर मुळीच ठेवता येत नाही.

काही खोट्या समजुतींचेही निरसन केले पाहिजे. हा रोग संसर्गाने होत नाही. रुग्णाचे ताट-वाटी वेगळे ठेवण्याचे कारण नाही. मार लागल्याने तो उद्भवत नाही. तपासणीसाठी सुई घातली की रोग पसरतो, ही समजूत तर फारच घातक आहे. सुईने काढलेल्या तुकड्यावाचून रोगाचा प्रकार कळत नाही, व प्रकार कळल्यावाचून योग्य औषध देता येत नाही. मिश्रीचा मुख्य संबंध तोंडाच्या कर्करोगाशी आहे, परंतु तेवढ्यासाठीही ती सोडणेच इष्ट होय.

मग करावे काय?

वय व घराणे बदलता येत नाही. वजन, व्यायाम व मद्य या गोष्टी हातच्या आहेत. बाळास अंगावर पाजता येईल तितके पाजावे. ज्या मातेस ते साधले नाही, तिने मनास लावून घेऊ नये. घराण्यात, विशेषतः पन्नाशीच्या आत, एकाहून अधिक जणांस स्तनाचा अथवा अंडाशयाचा कर्करोग झाला असेल, तर ते डॉक्टरांस अवश्य सांगावे.

तपासणीचा लाभ होतो काय, याचाही शोध मुंबईतच झाला. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ साली झोपडवस्त्यांतील ३५ ते ६४ वर्षांच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचे दोन गट केले. एका गटातील स्त्रियांचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासले. वीस वर्षांचा हिशेब २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात तपासलेल्या गटातील रोग लवकरच्या अवस्थेत सापडले, व पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मृत्यूंत तशी घट दिसली नाही, हेही त्या अभ्यासाने प्रामाणिकपणे सांगितले. महागडी यंत्रे नसता, केवळ शिकविलेल्या हातांनी एवढे साधले. आज सरकारच्या कार्यक्रमाप्रमाणे ३० ते ६५ वर्षांच्या स्त्रियांची अशी तपासणी दर पाच वर्षांनी व्हावयाची असते.

नवी गाठ अथवा जाडसरपणा, त्वचेवर खळगा किंवा संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा, स्तनाग्र आत ओढले जाणे, त्यातून रक्तमिश्रित पाणी येणे, काखेत गाठ येणे, ही इशाऱ्याची पातळी समजावी. आरंभीची गाठ बहुधा दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणूनच ती महिनोगणती अंगावर काढली जाते. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, परंतु ते ठरविणे डॉक्टरांचे काम आहे. कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आहे. कर्करोगाची रुग्णालये कोल्हापुरात व मिरजेसही आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत या रोगाच्या अनेक उपचारांचा समावेश आहे, तेव्हा पैशाच्या धास्तीनेही कोणी मागे राहू नये.

विद्यार्थिनींनी घरी गेल्यावर हा लेख आईस व आजीस वाचून दाखवावा. विद्यार्थ्यांनीही लाज न धरता तो वाचावा, कारण पुढे ते कोणाचे तरी पती व पिता होणार आहेत. दुखणे सांगताना स्त्रीस आधी नवऱ्याच्या व मुलांच्या तोंडाकडे पाहावे लागते, असे अजूनही पुष्कळ घरांत आहे. तिने सांगितले, तर “हे कशाने झाले?” असे विचारण्याऐवजी “उद्या सकाळी दवाखान्यात जाऊ,” एवढेच उत्तर तिला मिळावे.